मामाच्या हातची खीर

उष्टावणाला सतरा दिवस झाले होते आणि नामाच्या नाकात नळी होती.

सात महिन्यांचं पोर. ऋतुराजच्या आजोबांचं नाव ठेवलेलं, म्हणून एवढ्याशा जिवाला एवढं जुनं नाव. गोवर अंगभर उठला, आणि ओसरतोय म्हणेपर्यंत छातीत उतरला. ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या दाराबाहेर पाच खुर्च्या होत्या आणि घरची माणसंही पाच. तरी नामाची आजी भागीरथी सकाळपासून उभीच होती. लेक संचिता आणि जावई ऋतुराज एका बाजूला, मुलगा प्रणित आणि सून मेघाली दुसऱ्या बाजूला, मधली खुर्ची रिकामी. तिथे बसलं की कोणाकडे तरी तोंड आणि कोणाकडे तरी पाठ होणार. सहासष्ट वर्षांच्या त्या बाईचे गुडघे कामातून गेले होते, पण तिला बसवत नव्हतं.

तीस वर्षं ती डोंबिवलीत पोरांना लसी टोचत फिरली होती. कोपरच्या बाजूला अजूनही एखादा टक्कल पडायला लागलेला बाप्या रस्त्यात थांबून बायकोला सांगायचा, "या सिस्टर मावशींनी मला टोचलंय हां." कालपासून फोन करणारा प्रत्येक नातेवाईक एकच म्हणत होता, तुमच्याच घरात हे व्हावं! भागीरथी "हो ना" म्हणायची आणि फोन ठेवायची. दुसरं काय म्हणणार?

डॉक्टरीणबाई दार अर्धं उघडून बाहेर आल्या.

"पुन्हा विचारते. घरात, नात्यात, गेल्या दोन-तीन आठवड्यांत कोणाला ताप आणि पुरळ?"

"नाही हो," संचिता म्हणाली. "काल पण सांगितलं. कोणालाच नाही."

"याची गोवराची लस नवव्या महिन्यात असते, त्यामुळे तुमचं काही चुकलेलं नाही. पण गोवर कोणीतरी आणलाय. संबंध आल्यापासून सहा दिवसांत कळलं असतं तर याला एक इंजेक्शन देता आलं असतं. तयार प्रतिकारशक्तीचं. कदाचित एवढं वाढलं नसतं."

"आणि आता?" ऋतुराजने विचारलं.

"आता दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया आहे. आम्ही करतोय." दार बंद झालं.

सहा दिवस. भागीरथीला बोटांवर मोजायची गरज नव्हती. उष्टावण रविवारी झालं आणि मंगळवारी समिधाच्या, म्हणजे प्रणित-मेघालीच्या चार वर्षांच्या मुलीच्या, कानामागे पुरळ दिसलं. चार दिवस हातात होते. ते इंजेक्शन भागीरथीला माहीत नव्हतं, तिच्या पिशवीत ते कधी नव्हतंच. पण पुरळ तिला माहीत होतं. हजार पोरांच्या कानामागे तिने ते पाहिलं होतं. मंगळवारी फोन उचलायचा आणि लेकीला एक वाक्य सांगायचं, एवढंच काम होतं. आईचं दूध पितोय, त्याला काही होणार नाही, अशी स्वतःची समजूत घालून तिने त्या संध्याकाळी भाजी निवडली होती.

"समिधाला होतं," मेघाली एकदम म्हणाली.

संचिताने मान वळवली. "काय होतं?"

"पुरळ. मंगळवारी आलेलं. आधी वाटलं घामोळं आहे. मग ग्रुपवर फोटो टाकला तर ताई बोलल्या, गोवर आहे, येऊ दे बाहेर, शरीर स्वच्छ होतं. आठ दिवसांत ती नाचायला लागली. म्हणून मग..."

"म्हणून मग काय, वहिनी? म्हणून मग मला सांगायचं नाही?"

"मला नव्हतं माहीत गं, असं होईल."

"तिचे डोस झालेत ना? मग तिला गोवर झालाच कसा?"

मेघालीने सासूकडे बघितलं.

प्रणित घाईघाईने म्हणाला, "अगं, डोस घेतले तरी होतो कधीकधी. शंभरात दोघा-चौघांना होतो. हो ना, आई?"

भागीरथीने मान हलवली. खरं होतं ते. खरं बोलून खोटं टिकवायची ही आयडिया प्रणितला लहानपणापासून जमायची.

मेघाली आपल्या चपलांकडे बघत राहिली. तिच्या मनात आलं, आता बोलून टाकावं. आपण कधी लपवलंच नव्हतं. समिधाचा दीड महिन्याचा डोस झाला त्या दुपारी ती चार तास सलग किंचाळत होती, असं रडणं की कान बंद करावेत आणि करवू नयेत. प्रणित कामावर. सासूबाईंनी पाय बघितला, थंड पाण्याची पट्टी ठेवली आणि म्हणाल्या, ताप येतोच, त्यात काय एवढं, आमच्या काळात आम्ही रिपोर्टसुद्धा नाही करायचो. त्यात काय एवढं! त्या दुपारी पोरीला खांद्यावर टाकून मेघाली फोन बघत बसली होती आणि स्क्रीनवर एक बाई आली. नऊवारीतली, तुळशीपाशी बसलेली, आवाज असा मऊ. ती म्हणाली, "आई, तुझं मन काय सांगतंय?"

लग्न झाल्यापासून मेघालीला हे कोणी विचारलं नव्हतं. ती रडली. मग त्या बाईचे सगळे व्हिडिओ बघितले, मग त्यांच्या 'सजग आई' ग्रुपमध्ये गेली. तिथे सगळ्या त्यांना ताई म्हणत. तिथे कोणीही 'त्यात काय एवढं' म्हणत नव्हतं. तिथे तिच्या पोरीच्या रडण्याला अर्थ होता, कारण होतं, गुन्हेगार होता. पुढच्या डोसाला ती गेली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. हे तिने सासूला तोंडावर सांगितलं आणि तीन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. चौथ्या दिवशी ती समिधाला घेऊन माहेरी निघाली, तेव्हा सासूबाईंनीच दारात हात धरला: "राहा. मी परत विषय काढणार नाही." त्यांनी शब्द पाळला. आता ती त्यांच्याकडे बघत होती आणि त्यांनी बोलावं अशी वाट बघत होती.

जिन्यातून एक बाई आली. हातात वही, गळ्यात ओळखपत्र. ती थबकली.

"सिस्टर? तुम्ही इथे?"

सगुणा. भागीरथीच्या हाताखाली पहिलं इंजेक्शन शिकलेली, लग्नानंतर ठाण्याला आलेली. गोवराचा पेशंट कळला की त्याच्या आजूबाजूची पोरं शोधायची, हे आता तिचं काम होतं.

"माझा नातू," भागीरथी म्हणाली.

"अरे देवा." सगुणा मधल्या रिकाम्या खुर्चीवर बसली. तिला बिचारीला काय माहीत ती कोणाची जागा होती. "सॉरी हां, पण विचारायला लागेल. पाच वर्षांखालचं अजून कोण आलेलं संपर्कात?"

"आमची मुलगी," प्रणित म्हणाला. "चार वर्षांची. पण तिचं सगळं झालेलं आहे. कार्ड आहे. शाळेच्या ऍडमिशनला दिलेलं, फोटो आहे माझ्याकडे." त्याने फोन पुढे केला. बायकोला वाचवायला पुढे केला. पुढचं त्याला दिसलं असतं तर त्याने तो खिडकीतून फेकला असता.

सगुणाने दोन बोटांनी फोटो मोठा केला. "बीसीजी, पोलिओ... गोवर-रुबेला पहिला, झाला. दुसरा, झाला." पेन वहीवर टेकलं आणि थांबलं. तिने फोटो अजून मोठा केला. मग भागीरथीकडे बघितलं.

"सिस्टर, तारखेतला हा सात तुमचा आहे. पोटात रेघ मारलेला." तिचा आवाज खाली आला. "पण तुम्ही तर तेव्हा रिटायर होऊन पाच वर्षं झालेली."

सगुणा हे हळूच बोलली होती. ज्या बाईने आपल्याला सुई धरायला शिकवलं तिला असं विचारताना तिचा जीव अर्धा झाला होता. पण संचिता शेजारच्याच खुर्चीत होती.

"म्हणजे काय?" संचिता म्हणाली.

सगुणाने फोन प्रणितच्या हातात परत दिला.

"आई. म्हणजे काय?"

"मी लिहिलं," भागीरथी म्हणाली. "पहिल्या दोन ओळी खऱ्या आहेत. बाकी मी लिहिलं. शाळेने कार्ड मागितलं. ही सरळ सांगणार होती की देत नाही आम्ही. ऍडमिशन गेली असती. घरात पुन्हा तेच सुरू झालं असतं, ही पुन्हा पोरीला घेऊन गेली असती. म्हणून मी लिहिलं."

कसं लिहिलं ते तिने सांगितलं नाही. तीन वेगवेगळी पेनं घेतली होती, शाई एकसारखी दिसू नये म्हणून. नवव्या महिन्याची तारीख बुधवारीच पडावी म्हणून जुनं कॅलेंडर काढून बघितलं होतं, कारण लसीकरण बुधवारी असतं आणि खोट्यातसुद्धा तिला चूक खपत नव्हती. अख्ख्या नोकरीत एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. साहेब म्हणायचे, टार्गेट होत नाही, भरा चार नावं. तिने भरली नव्हती. आणि नातीसाठी एका दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून सगळं भरलं.

"मी खोटं नाही बोलले," मेघाली म्हणाली. "मी कधीच नाही बोलले खोटं. संचितालापण मी सांगणार होते. आईंनी सांगितलं, गप्प बस, तिला कशाला टेन्शन."

"दादा, तुला माहीत होतं?"

प्रणितने फोन खिशात टाकला.

"तिघांनाही माहीत होतं," संचिता म्हणाली. ती आता वहिनीवर चिडलेली नव्हती. मघापासून ती ज्या बाईला मनातल्या मनात शिव्या घालत होती तीच बाई तिच्यासारखीच आईचं ऐकून फसलेली निघाली होती, आणि आता राग कुठे ठेवायचा हे तिला कळत होतं. ती उठून आईसमोर उभी राहिली. "उष्टावणाच्या आधी मी तुला फोन केलेला. वहिनी ते व्हिडिओ टाकत असते, म्हणून मुद्दाम विचारलेलं. काय विचारलेलं मी?"

"संचिता..."

"काय विचारलेलं?"

"समिधाचे डोस झालेत ना."

"आणि तू काय बोललीस? बोल ना. तेच शब्द बोल."

भागीरथीने काचेच्या दाराकडे बघितलं. "झालेत गं. मी कशाला आहे."

"मी कशाला आहे," संचिता म्हणाली. "तुझ्या भरवशावर मी नामाला तिच्या मांडीवर दिला, आई. तिचं नाक वाहत होतं, डोळे लाल होते, ऋतुराज बोलला मला की बघ जरा. मी बोलले, अरे आई आहे ना, तिला कळतं. मी उलट त्यालाच ओरडले!"

भागीरथीलाही ते आठवत होतं. कोपरहून येताना रिक्षात समिधा मांडीवर होती, अंग कढत. भागीरथीचा हात आपोआप तिच्या हनुवटीकडे गेला होता. 'आ' करायला लावायचं, गालाच्या आत बघायचं, गोवर असेल तर तिथे पांढरे कण दिसतात. हात मध्येच मागे घेतला. दिसले असते तर सांगावं लागलं असतं. रिक्षा वळवावी लागली असती, आणि मामाशिवाय उष्टावण होत नाही. वर समिधाला डोस नाहीत हे संचिताच्या सगळ्या सासरच्यांसमोर निघालं असतं. सर्दी असेल, ती म्हणाली. मग प्रणितने सोन्याची अंगठी खिरीत बुडवून नामाच्या ओठांना लावली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि समिधा हट्ट करून बसली, मी पण भरवणार. तिने चमचा आधी स्वतः चाटून बघितला. लोक हसले. मग तिने बाळाला भरवलं आणि त्याच्या तोंडावर तोंड ठेवून पापा घेतला. कोणीतरी फोटो काढला. नामा मिटक्या मारत होता.

ऋतुराज उठला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आई, तुम्ही खाली जाऊन बसा," तो म्हणाला. "प्लीज. आत्ता इथे नका थांबू."

तिने मेघालीकडे बघितलं. मेघालीने आपली पर्स उचलली आणि संचिताच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसली. संचिताने तिला उठवलं नाही.

भागीरथी कठडा धरून खाली गेली. औषधांच्या खिडकीसमोर बाकडं होतं, तिथे बसली. सगुणा थोडा वेळ शेजारी बसली, पाणी आणून दिलं, म्हणाली, "सिस्टर, मला माहीत असतं तर मी..." भागीरथीने तिचा हात थोपटला. "तुझं काम तू केलंस. रजिस्टरमध्ये नीट लिही. खरं लिही." सगुणा रडतच बाहेर पडली.

सव्वाचारला प्रणित खाली आला. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. चाळिशीला आलेला मुलगा, पण त्याला असं बसलेलं तिने तो सहा वर्षांचा असताना बघितलं होतं. ती त्याच्याजवळ गेली नाही. उठताच आलं नाही तिला.

नामाला दुसऱ्या दिवशी सकाळी मूठमाती दिली. एवढ्या लहान मुलांना जाळत नाहीत. ऋतुराजने त्याला छातीशी धरून नेलं, खांद्यावर न्यायला काही नव्हतंच. भागीरथी गेली नाही. संचिताने निरोप पाठवला होता, आईला आणू नका. मेघालीला मात्र तिने बोलावून घेतलं होतं. आठ दिवस मेघाली नौपाड्यातच नणंदेच्या घरी राहिली, तिच्या छातीत साठलेलं दूध पिळून काढायला मदत करत. दूध यायचं थांबत नव्हतं. दोघी एकत्र रडत होत्या, एका ताटात जेवत होत्या. लग्नात मानपानावरून भांडलेल्या या दोघींना जवळ यायला हे असं कारण मिळालं.

नवव्या दिवशी मेघाली कोपरला घरी आली आणि सासूसमोर फोन धरला.

"आई, मी ग्रुपवर लिहिलेलं. ज्या दिवशी तो गेला. मला कोणाशी तरी बोलायचं होतं. मी उष्टावणाचा फोटो टाकला आणि फक्त एवढंच लिहिलेलं की माझा भाचा गेला, त्याचे सगळे डोस वेळेवर झालेले, आणि माझी मुलगी बरी झाली, देवा असं का."

भागीरथीने चष्मा लावला. उष्टावणाचा फोटो होता, समिधा नामाचा पापा घेतानाचा. खाली मोठ्या अक्षरात ताईंचा मजकूर: सगळे डोस घेतलेलं सात महिन्यांचं बाळ गोवराने गेलं. गोवराची लस न घेतलेली बहीण आठ दिवसांत ठणठणीत. आजी स्वतः सरकारी नर्स. आयांनो, विचार करा.

तिने पुन्हा वाचलं. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. गोवराची लस नवव्या महिन्यात असते आणि नामा सात महिन्यांचा होता, एवढंच फक्त लिहिलं नव्हतं.

"मी माझा मेसेज काढून टाकला," मेघाली म्हणाली. "ताईंना फोन केला, सांगितलं की असं नाहीये, काढा. त्या बोलल्या, बाळा, तुझ्यावर घरच्यांचं प्रेशर आहे, आम्ही समजू शकतो. त्याच मऊ आवाजात बोलल्या, आई. मग मला ग्रुपमधून काढलं." ती जमिनीवर बसली. "माझ्या लांबच्या मावशीने मलाच पाठवलाय हा फोटो. तिला माहीतपण नाही की ही समिधा आहे."

त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरची शीला भेटायला आली, तिची नऊ महिन्यांची मुलगी कडेवर. घरात काय बोलावं हे कळेना म्हणून तिने मुलीला भागीरथीच्या मांडीवर दिलं. भागीरथीचे हात आधी घाबरले, मग त्यांनी तिला नीट धरलं. गुबगुबीत पोर होती, बांगडीशी खेळायला लागली.

"बुधवारी हिचा गोवराचा डोस आहे ना?" भागीरथीने विचारलं.

शीला अवघडली. "होता. पण मावशी, ते तुमच्या नातवाचं... आमच्या बचत गटात सगळ्यांना आलंय. म्हणून मी बोलले, जरा थांबूया. तुमच्यासारख्यांच्या घरात जर असं..."

"शीला, ऐक. समिधाला गोवराचे डोस दिलेच नव्हते. तिचा गोवर नामाला लागला. त्याची लस अजून व्हायची होती, दोन महिने लहान होता तो. समिधाने घेतली असती तर तो आज असता. लस न घेतल्यामुळे गेला तो, कळतंय का?"

"पण समिधाच्या शाळेत तर कार्ड दिलेलंत तुम्ही. आमच्या शेजारची मुलगी पण तिथेच आहे, तिची आई बोलली, कार्ड फुल भरलेलं."

भागीरथीने मेघालीकडे बघितलं नाही. कोणाची परवानगी घ्यायची आता राहिली नव्हती.

"ते कार्ड खोटं होतं. मी लिहिलं खोटं. माझ्या हाताने लिहिलं, आणि त्यात माझा नातू गेला. मी पाया पडते तुझ्या, बुधवारी हिला घेऊन जा. मी येते बरोबर."

शीलाचा थोरला रवींद्र चौथीत होता. तो झाला तेव्हा भागीरथी नोकरीवर होती.

"आमच्या रवीचं कार्डपण तुम्हीच लिहिलेलं ना, मावशी?"

"ते खरं होतं गं! ते सगळं खरं होतं. तीस वर्षांत हे एकच..."

"असेल," शीला म्हणाली. "तुम्ही म्हणताय तर असेल." तिने मुलीला भागीरथीच्या मांडीवरून उचलून घेतलं, बांगडीत अडकलेली तिची बोटं सोडवली आणि येते म्हणून निघाली.

बुधवारी सकाळी नऊपासून भागीरथी साडी बदलून, पिशवी घेऊन खालच्या मजल्यावर शीलाच्या दारासमोर उभी राहिली. आत मुलीचा आवाज येत होता. साडेअकरापर्यंत ती उभी होती. दार उघडलं नाही.